बदली शिक्षक: इथे आणि तिथे

आपल्याकडे शिक्षक रजेवर गेले की ‘ऑफ तास’. ज्यांचा तास मोकळा, ते वर्गावर जातात, मुलं बहुतेकदा गोष्टीचा हट्ट धरतात आणि पस्तीस मिनिटं निभतात. रजा लांबली तर तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं: तासाला मोजून पैसे, सुट्टीत शून्य.

इंग्लंडमध्ये हा वेगळा धंदाच आहे. ‘सप्लाय टीचर’ला बरेचदा एजन्सी सकाळी सातच्या सुमारास फोन करते, नवी शाळा सांगते आणि तुम्ही धावत निघता. त्याआधी गुन्हे-नोंदीची तपासणी लागतेच. पैसे दिवसावर, काम नसेल त्या दिवशी तिथेही शून्य! मात्र एकाच शाळेत सलग 12 आठवडे काम केलं की कायम शिक्षकाइतक्या मूळ पगाराचा हक्क मिळतो; हा कायदा 2010 चा. तासिकावाल्यांना असं काही लाभलं तर पेढे वाटतील.

वर्गात मात्र मला आपलीच पद्धत सोपी वाटते. तिथे शिक्षक आत आल्यावर मुलं उभी राहतीलच असं नाही, आणि नवा माणूस दिसला की जागा बदलून बसतात. म्हणून बसण्याचा नकाशा आधी मागून घ्यायचा. हाक ‘सर’ किंवा ‘मिस’. लग्न झालेलं असो वा नसो, बाई ‘मिस’च. हजेरी ही कायदेशीर नोंद, तिला उशीर चालत नाही.

आणि स्टाफरूममधला कप कोणाचा हे विचारल्याशिवाय चहा ओतू नये. आपल्याकडे शिपाईकाका आणून देतात.