गेट आर्किटेक्चरची सराव मालिका: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी तक्रार. या मालिकेच्या ॲपवरच्या सराव पेपरांत कीबोर्ड चालतो. खऱ्या गेटला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या संगणकावरच्या परीक्षेला, कीबोर्ड बंद असतो. आकडे माउसने पडद्यावरच्या कीपॅडवर टिपायचे आणि आकडेमोड पडद्यावरच्याच कॅल्क्युलेटरवर करायची. पैसे मोजून घेतलेल्या मालिकेत तो कॅल्क्युलेटर नसावा, हे पटत नाही. कंपनीला दोनदा मेल केले, उत्तर एकच: ‘तुमचा कॅल्क्युलेटर वापरा.’ तो परीक्षेला आत नेताच येत नाही!

ही बारीकसारीक बाब नव्हे. परीक्षेतल्या पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर आधी आकडा, मग फंक्शन: ३० दाबून साइन. हातातल्या कॅल्क्युलेटरची सवय नेमकी उलटी. आता लोकसंख्येचं गणित घ्या. ४०,००० वस्ती, वर्षाला १.८ टक्के वाढ, दहा वर्षं. १.०१८ चा दहावा घात १.१९५३, उत्तर ४७,८१२. मधेच १.२ धरलं की ४८,००० येतं आणि दोन गुण गेले. माउसने परत आकडे टाकायचा कंटाळा आला की असं मधेच आकडा ढोबळ करणं होतं. म्हणून सराव माउसनेच हवा. गेटच्या अधिकृत संकेतस्थळावर मॉक टेस्ट फुकट आहे, कॅल्क्युलेटरसकट. जुने पेपरही तिथेच मिळतात. आधी ते संपवा, मग पैसे खर्च करा.

पहिल्या महिन्यात एक तारा दिला होता, तो आता तीन केला आहे. कारण पावसाळा. जून ते सप्टेंबर राजापूर-लांजाकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लाइटपाठोपाठ नेट जातं. उघडलेला पेपर तरीही लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहिला, एकही उत्तर पुसलं गेलं नाही. हे काम मनापासून चांगलं केलंय.

अभ्यासक्रमाची यादी बघून छाती दडपते त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. आपल्याकडे नोंदणीसाठी वेगळी परवाना परीक्षा नाही. बी.आर्क. झालं की १९७२ च्या कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते. डोक्यावर ओझं असतं ते गेटचं: ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे, ६० सामाईक भागाचे, उरलेले २५ आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांपैकी एकाच भागाचे. दुसरा भाग सरळ बंद करा, ढीग तिथेच हलका होतो.

दडपण आलेल्या दिवशी पुस्तक उघडू नका. जुन्या पेपरातले आकडी उत्तराचे पाच प्रश्न, पंचवीस मिनिटं, बास. यांना उणे गुण नाहीत, त्यामुळे कोरं काहीच सोडायचं नाही. चुकलेल्या प्रश्नापुढे वहीत एकच शब्द लिहा: सूत्र, एकक की बटण. बहुतेक वेळा एकक निघतं. १२० चौरस मीटरचं कौलारू छप्पर, ३,००० मिलिमीटर पाऊस, गुणांक ०.८ (पडलेल्यातलं ऐंशी टक्के पाणी हाती लागतं), म्हणजे २८८ घनमीटर, २,८८,००० लिटर. मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले की उत्तर हजारपट फुगतं, आणि घाईत ते लक्षातही येत नाही. दहा दिवसांनी वही चाळा. ज्या शब्दाची रांग लांब, तेवढंच त्या आठवड्यात करा.

मालिकेतली उत्तरांची स्पष्टीकरणं बरी आहेत, नियोजन कायद्यांची मात्र त्रोटक. वर्षभराची वर्गणी घेऊ नका, तीन महिन्यांची पुरते. कॅल्क्युलेटर आला तर चौथा तारा देईन.