‘म्युझियम ग्रेड’ दुरुस्ती किटने माझा जुना कॉमिक कसा नासवला

जुन्या कॉमिक्सची घरच्या घरी डागडुजी करायचं किट घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझा एक अंक कायमचा बिघडलाय. तुमचा बिघडू नये म्हणून घडलं तसं लिहितोय.

अंक १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा, अमेरिकन सुपरहिरोचा. फार दुर्मीळ नव्हे, पण मामांनी मला दिलेला, म्हणून जिवापाड जपलेला. मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्याला दोन बोटांएवढी फाट होती, पाठीवर (म्हणजे पिना मारलेल्या दुमडीच्या कडेवर) घड्या पडून रंग उडाल्याच्या पांढऱ्या रेषा होत्या, वरची पिन गंजली होती आणि आतली पानं तपकिरी पडत चालली होती. यात नवल काहीच नाही. त्या काळी हे अंक स्वस्त न्यूजप्रिंटवर छापत. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य त्यात तसंच राहतं, हवा-उजेडाने आम्ल तयार होतं आणि कागद आतून ठिसूळ होत जातो. वेळीच काही केलं नाही तर पानं हातात तुटतील, या धास्तीने मी शोधाशोध सुरू केली आणि नेमका त्या विक्रेत्याच्या हाती लागलो.

किटमध्ये चार गोष्टी होत्या: ‘अदृश्य’ चिकटपट्टी, गोंदाची बाटली, बारा रंगांची पेनं आणि पानं उजळवण्याचा फवारा. डब्यावर ‘आर्काइव्हल’ (म्हणजे दीर्घकाळ जतनासाठी योग्य), ‘अ‍ॅसिड-फ्री’, ‘म्युझियम ग्रेड’ असे भारदस्त शब्द. हे आता कळतंय की ‘आर्काइव्हल’ या शब्दाची ठरलेली अशी व्याख्याच नाही, तो कुणीही कशावरही छापू शकतो. आत कोणता पदार्थ आहे हे मात्र चारही वस्तूंपैकी एकीवरही लिहिलेलं नव्हतं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मला फसवलं ते डब्याने नव्हे, विक्रेत्याच्या बोलण्याने. मी त्याला सरळ विचारलं होतं, की दुरुस्ती केलेल्या अंकाची किंमत पडते ना? त्यावर त्याने मला मोठा इतिहास ऐकवला, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. १९७०-८०च्या दशकांत रिस्टोरेशनला मान होता. हरवलेले तुकडे भरायचे, उडालेला रंग लावायचा, पानं धुऊन उजळ करायची, आणि असा अंक कौतुकाने विकत घेतला जायचा. मग २००० साली सीजीसी या अमेरिकी कंपनीने कॉमिक्स तपासून, दर्जा देऊन, प्लास्टिकच्या पेटीत बंद करायला सुरुवात केली. रिस्टोर केलेल्या अंकाला जांभळं लेबल लागू लागलं आणि लोक त्या रंगाला घाबरून पळू लागले. पाठीवर काळ्या शाईचा एखादा ठिपका सापडला तरी भाव कोसळायचा. काहींनी तर जुनी, चांगली केलेली दुरुस्ती खरवडून काढली, केवळ जांभळं लेबल टाळण्यासाठी! (हे वाचून मला आजही वाईट वाटतं. कुणीतरी मन लावून केलेलं काम ते.)

‘पण आता वारं बदललंय,’ विक्रेता म्हणाला. ‘आता कन्झर्व्हेशन, म्हणजे अंक टिकवण्यापुरती डागडुजी, चालतं. वेगळं लेबल मिळतं. तुम्ही आमच्या किटने केलेलं काम त्यातच धरलं जाईल.’

वारं बदललंय हे खरं आहे. ‘कन्झर्व्हड’ असं वेगळं लेबल खरंच आहे. पण ते कशाला मिळतं हे त्याने गाळलं. फाट सांधणं, अशक्त कागदाला आधार देणं, गंजलेली पिन बदलणं, सुटलेला तुकडा जागेवर बसवणं, ठरावीक प्रकारची स्वच्छता, एवढंच त्यात बसतं. तेही कागदाला अपाय न करणाऱ्या आणि पुन्हा काढता येणाऱ्या साहित्याने. जाणकार यासाठी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती खळ पुढे कधीही ओलाव्याने सोडवता येते. रंग लावणं किंवा हरवलेला भाग नव्याने बनवणं त्यात बसत नाही. मला विकलेल्या किटमध्ये बारा पेनं होती, यावरूनच मला कळायला हवं होतं.

मी व्हिडिओत दाखवल्याबरहुकूम सगळं केलं. आधी फवारा मारला. पानं डोळ्यांदेखत उजळली आणि मी हरखलो. पण खोलीत पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला होता, तिकडे मी लक्ष दिलं नाही. तो साध्या ब्लीचचा वास होता. ब्लीच पिवळेपणा घालवतं, पण ते धुऊन निघालं नाही तर आतले धागे कुरतडत राहतं. काही आठवड्यांनी मधलं पान उलटताना पिनेपाशी कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि पान सुटून आलं.

मग गोंद. फाटीच्या कडा जुळल्या, पण वाळल्यावर तो भाग पुठ्ठ्यासारखा ताठ झाला आणि भोवतीचा कागद आक्रसून सुरकुतला. हा शाळेत वापरतो तसा पांढरा गोंद होता, एकदा वाळला की पाण्याला दाद न देणारा. फाटीवर मागून चिकटपट्टी लावली होती. तिचा चिकट थर आता कागदात झिरपून समोरच्या बाजूला तेलकट डाग दिसतो.

सर्वांत जास्त सलतं ते पेन. पाठीवरच्या एका पांढऱ्या रेषेवर मी काळं टोक फक्त टेकवलं. समोरून सुरेख दिसलं. मुखपृष्ठ उलटून पाहिलं तर आतल्या कोऱ्या बाजूला मुंग्यांची रांग जावी तसे काळे ठिपके उमटले होते. शाई स्पिरिटची होती, सरळ आरपार गेली.

तरी मी अंक तपासणीला पाठवलाच, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून. जांभळं लेबल लागून परत आला. खाली रंग, गोंद आणि चिकटपट्टीची नोंद. तपासणाऱ्यांची यात काही चूक नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली गोंद आणि नवी शाई मूळ छपाईपेक्षा वेगळी उठून दिसते. पुढे मी स्वतः तसा साधा दिवा धरून पाहिलं, तर फाटीवरचा गोंद निळसर चमकत होता.

विक्रेत्याला लिहिलं. आधी म्हणाला, तुम्ही नीट वापरलं नाही. मग म्हणाला, उघडलेलं किट परत घेत नाही. शेवटी जे म्हणाला त्याने मी हादरलो: ‘पेटी फोडा, अंक बाहेर काढा आणि काही न सांगता विकून टाका. कुणाला कळत नाही.’ म्हणजे माझी फसवणूक मी पुढच्या माणसाच्या गळ्यात बांधायची! त्यानंतर त्याने उत्तरं देणं बंद केलं.

किट विकणारे सगळेच असे नसतात. पण ज्याच्याकडून घ्याल त्याला तीन गोष्टी लेखी विचारा: गोंद नेमका कशाचा, तो वर्षांनंतर कशाने सुटतो, आणि फवाऱ्यात काय आहे. उत्तराऐवजी ‘म्युझियम ग्रेड’ असं ऐकू आलं तर पैसे देऊ नका. रंगाची पेनं असतील तर ते कन्झर्व्हेशनचं किट नव्हेच. आणि काहीही आधी एखाद्या फाटक्या, बिनमोलाच्या जुन्या अंकावर लावून महिनाभर ठेवून बघा. तुमच्या अंकाला खरंच आधाराची गरज नसेल तर पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि थंड, कोरडी, अंधारी जागा एवढं पुरेसं असतं. पीव्हीसीची पाकिटं मात्र टाळा.

मी नंतर तो अंक कागदाचं जतन करणाऱ्या एका जाणकार बाईंकडे नेला. त्यांनी चिकटपट्टी गरम हवेने अलगद सोडवली, चिकटा बराचसा काढला. गोंदाला त्यांनी हात लावला नाही, त्याच्याबरोबर छपाईही उचलून येईल म्हणाल्या. ठिपके तसेच राहणार. निघताना त्यांनी एक कोरा आम्लरहित कागद दिला आणि म्हणाल्या, काय काय केलंत ते तारखेसकट लिहून पाकिटात ठेवा. घरी येऊन मी सगळं लिहिलं: फवारा, गोंद, पट्टी, काळं पेन. तो कागद आता अंकाच्या मागे आहे.