लेखनातली एमएफए: वर्षभर वापरल्यावर

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात इंग्रजी कथालेखनाची एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, पदव्युत्तर पदवी) करतेय. पहिलं वर्ष संपत आलंय. 'करू का, आणि कुठे?' असं ओळखीतले तिघे-चौघे विचारून गेले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी पैसे. 'एवढं शिकून शेवटी गोष्टीच लिहिणार ना?' असं बाबांनी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. कर्ज फिटेल अशी नोकरी या पदवीवर लागत नाही. तेव्हा माझं मत साफ आहे: फी माफ आणि वर स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्यापुरतं विद्यावेतन, असेल तरच इकडे या. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं मिचनर सेंटर, मिशिगन विद्यापीठाचा हेलन झेल लेखन कार्यक्रम, कॉर्नेल आणि सिरॅक्यूज विद्यापीठं इथे निवड झालेल्यांचा खर्च विद्यापीठच उचलतं. जागा मात्र मूठभर. मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाला भुलून पदरचे लाखो घालणं मला पटत नाही.

स्टायपेंड बहुतेक ठिकाणी फुकट मिळत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवावं लागतं. तपासायच्या निबंधांचा गठ्ठा पुढ्यात असला की त्या आठवड्यात स्वतःचं लिखाण बाजूला पडतं, हे धरूनच चाला. शिवाय आमच्याकडे ऑफरच्या पत्रात स्टायपेंडचा वर्षाचा आकडा छापतात, पण हप्ते नऊ महिनेच पडतात. उन्हाळा आपला आपण काढायचा. आरोग्य विम्यातला आमचा वाटाही त्यातूनच कापला जातो. हे कुणी आपणहून सांगितलं नाही.

आता कार्यशाळा, कारण या पदवीचा जीव तिथेच. आयोवा विद्यापीठात 1936 साली सुरू झालेली पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते: कथा आठवडाभर आधी वाटायची, वर्गात इतरांनी बोलायचं, लेखकाने गप्प बसून ऐकायचं. माझी एक कथा हक्कसोडपत्राची होती. वडील गेल्यावर धाकटी बहीण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही करून जमिनीवरचा हक्क सोडते. 'ही भांडत का नाही?' यावरच अर्धा वेळ गेला. एकीने तर वकील सुचवला. मला हसूही येत होतं आणि चीडही. शेवटी शेतकरी घरातला एक मुलगा म्हणाला, 'सही करते ते पटलं. पण फोटो काढताना भाऊ कुठे असतो?' खरंच, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र मी नीट वर्णिलं होतं आणि भावाला बाकावर बसवून विसरले होते. नव्या खर्ड्यात तो पुढे होऊन म्हणतो, 'पदर मागं घे, चेहरा दिसत नाही.' कथा तिथे उभी राहिली.

असा वाचक दहा-बारा जणांत एखादाच असतो. बाकीच्यांना ओळीओळीला भारत समजावून हवा असतो, आणि त्यांच्यासाठी लिहायला लागलात की कथेचं पर्यटन खात्याचं माहितीपत्रक होतं. प्राध्यापक शिकवतात त्यापेक्षा हा एक वाचक आणि दोन-तीन वर्षांचा वेळ, यासाठीच मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

मराठीतच लिहिणार असाल तर गणित वेगळं. आयोवात स्पॅनिशमधून एमएफए होते, टेक्सासमधल्या एल पासोला इंग्रजी-स्पॅनिश दोन्हींतून. मराठीसाठी तशी सोय माझ्या पाहण्यात नाही. आयोवाचीच अनुवादाची एमएफए मात्र जरूर बघा. तिथला आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रम 1967 पासून चालू आहे. तो पदवीचा नाही, काही काळ तिथे राहून लिहिण्याचा आहे. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्यावरच गेले होते. हातात पुस्तकं असलेल्या मराठी लेखकाला पदवीपेक्षा हा रस्ता बरा.

इंग्लंडात नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा एमए 1970 चा, नाव मोठं, एका वर्षात मोकळे. पण शिष्यवृत्त्या थोड्या, त्यामुळे बहुतेकांचा खर्च खिशातून. नोकरी सोडवत नसेल तर इग्नूचा इंग्रजी सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा करून बघा. निदान नेमाने लिहायला जमतं का ते स्वस्तात कळेल. आणि परत येऊन कॉलेजात शिकवायचा बेत असेल तर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडीची तयारी ठेवा, नुसत्या एमएफएवर विसंबू नका. इकडे अमेरिकेत पदवीनंतर कामाची परवानगीही एकच वर्षाची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती वाढ आपल्याला नाही.

अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत. तीन शिफारसपत्रं लागतात, पण निकाल लागतो तो लेखनाच्या वीस-तीस पानांवर. प्रत्येक अर्जाची फी वेगळी, ती माफ होते का हे ईमेल करून विचारायला लाजू नका. स्टायपेंडची ऑफर आली की लगेच होकार द्या म्हणून कुणी मागे लागलं तरी घाई करू नका. बहुतेक विद्यापीठांनी 15 एप्रिलपर्यंत मुदत द्यायचं मान्य केलेलं आहे. तेवढ्यात तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठा. प्राध्यापक कसे आहेत ते नंतर विचारा, आधी जून-जुलैचं भाडं कशातून भरता ते विचारा.