फाइलवर नाव ‘टोकियो रोझ’, आत बोलतेय ॲन

रेडिओवर निवेदिका म्हणून २७ वर्षं काढली. दुसऱ्याचं निवेदन ऐकताना मला मजकुराआधी श्वास ऐकू येतो, ही खोड आता जाणार नाही. निवृत्तीनंतर जुने कार्यक्रम फुकट ऐकवणाऱ्या एका साइटवर मी जवळजवळ मुक्काम ठोकून आहे. नावनोंदणी नाही, जाहिराती नाहीत, फाइल उतरवून घेता येते. तिथला दुसऱ्या महायुद्धातल्या प्रचारकांचा विभाग पंधरा दिवस कान देऊन ऐकला, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात करा १४ ऑगस्ट १९४४ च्या ‘झीरो अवर’पासून. रेडिओ टोकियोचा, पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांसाठीचा इंग्रजी कार्यक्रम. शॉर्टवेव्हवरून पकडलेला असल्यामुळे आवाज लाटेसारखा वर येतो, पुन्हा बुडतो, मागे सतत खरखर. पहिली दोन मिनिटं वैताग येतो, मग कान सरावतात. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका, शब्द हाती लागत नाहीत.

आणि मग ती येते, इव्हा तोगुरी, ‘टोकियो रोझ’ म्हणून गाजलेली जपानी वंशाची अमेरिकन निवेदिका. पॅसिफिकमधल्या लढाऊ अनाथांनो, काय, कसं काय? शनिवार-रविवारची सुट्टी संपवून ॲनी हजर आहे, तेही अगदी युनियनच्या तासांप्रमाणे! पॅसिफिकच्या बेटांवर भटकणारे मठ्ठ लोक हे तिचं लाडकं कुटुंब. आज फर्माइशींचा दिवस, पहिली फर्माइश खुद्द साहेबांची, बॉनी बेकरचं गाणं. ‘काय ही तुमची आवड, साहेब!’ असा एक चिमटा, आणि लगेच तबकडी.

खरं सांगू? ऑडिशनला आली असती तर मी तिला पास केलं नसतं. आवाजाला किंचित खरबरीत धार, बोलणं घाईचं, गोडवा नावाला नाही. शत्रूच्या सैनिकाला घरच्या आठवणीने रडवणारी मोहिनी म्हणून जिची दंतकथा झाली, ती ही? दोनदा मागे नेऊन ऐकलं. हसू दाबून वाचणाऱ्या माणसाचा एक स्वर असतो, ओठ ताणले की स्वर पसरतात. तो तिथे आहे.

याचं कारण साइटवर कुठे लिहिलेलं नाही, मला बाहेर शोधावं लागलं. तिच्या संहिता लिहायचे मेजर चार्ल्स कझन्स, सिंगापूर पडल्यावर पकडले गेलेले ऑस्ट्रेलियन युद्धकैदी आणि त्याआधीचे सिडनीचे रेडिओ निवेदक. जबरदस्तीने माइकपुढे बसवलेल्या या माणसाने प्रचाराचा विचका करायचं ठरवलं, आणि त्यासाठी त्यांना मधाळ नव्हे, असाच आवाज हवा होता. रेडिओ टोकियोत टाइप करत बसलेल्या इव्हा तोगुरीला त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये उचललं. संहितेवर ‘अनाउन्सर’चं जे लघुरूप लिहीत, तेच ‘ॲन’ तिचं नाव झालं. पुढे ‘ऑर्फन ॲन’. आमच्या क्यू शीटवरही, म्हणजे कार्यक्रमाचा क्रम लिहिलेल्या कागदावरही, अशीच अर्धीमुर्धी नावं असायची, त्यामुळे हे वाचून मला गंमत वाटली. पगार महिन्याला १५० येन, म्हणजे तेव्हाचे सात-एक डॉलर.

आता तक्रार. याच विभागात ‘टोकियो रोझ, प्रत्यक्ष प्रसारण’ अशी दुसरी एक फाइल आहे. लावली आणि दहाव्या सेकंदाला कान टवकारले. आवाज तोच, पण खोली कोरडी, आवाजाची चढउतार नाही, शॉर्टवेव्हची खरखर नाही. हे हवेतून आलेलंच नाही! सप्टेंबर १९४५ मध्ये, जपान शरण आल्यावर, अमेरिकन कॅमेऱ्यापुढे तिला माइकसमोर बसवून जुनं निवेदन पुन्हा वाचायला लावलं होतं, त्या चित्रफितीचा हा आवाज. बारीक ऐका, वाचणारी बाई श्रोत्याशी बोलत नाही, समोरच्या माणसांसाठी वाचून दाखवतेय. साइटला मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. फाइल अजून त्याच नावाने आहे.

आणि मुळात ते नाव! ‘टोकियो रोझ’ हे नाव १४ ऑगस्टच्या कार्यक्रमात ती स्वतःला एकदाही लावत नाही. सैनिकांनीच ते बेतलं आणि रेडिओ टोकियोवरच्या कुठल्याही इंग्रजी बोलणाऱ्या बाईला चिकटवलं. अशी कुणी व्यक्ती नाही, हे अमेरिकन सरकारच्याच युद्ध माहिती कार्यालयाने ऑगस्ट १९४५ मध्ये सांगितलं होतं. पण त्याच सुमारास दोन अमेरिकन पत्रकार मुलाखतीचे दोन हजार डॉलर घेऊन टोकियोत ‘ती’ला शोधत होते. कफल्लक झालेल्या इव्हाने सही केली, की ‘ती’ मीच. एका सहीची किंमत किती पडावी?

साइटवरच्या परिचयात जन्म, शिक्षा आणि मृत्यू, एवढ्या तीनच ओळी आहेत. ४ जुलै १९१६, लॉस एंजेलिस, यात चूक नाही. पण आजारी मावशीला भेटायला जुलै १९४१ मध्ये जपानला पासपोर्टशिवाय निघालेली ही प्राणिशास्त्राची पदवीधर युद्ध पेटल्यावर तिकडेच अडकली, नागरिकत्व सोड म्हणून दबाव आला तरी सोडलं नाही, म्हणून तिला रेशनकार्ड मिळालं नाही, हे नाही. ते नागरिकत्व तिने सोडलं असतं तर अमेरिकेला तिच्यावर देशद्रोहाचा खटलाच भरता आला नसता, हेही नाही.

याच यादीत विल्यम जॉइस आहे, ‘लॉर्ड हॉ-हॉ’, जर्मनीतून ब्रिटिश श्रोत्यांसाठी इंग्रजीत नाझी प्रचार करणारा. त्याचं ३० एप्रिल १९४५ चं हॅम्बुर्गचं शेवटचं भाषण ऐका. जीभ जड, दारू कानाला कळते, पण शब्दन्शब्द त्याच्या मनातला. ३ जानेवारी १९४६ ला तो फासावर गेला. त्याच्यापाठोपाठ इव्हा ऐकली की दोघं एका यादीत कशी बसतात, तेच समजत नाही.

तिचा खटला सॅन फ्रान्सिस्कोत ५ जुलै १९४९ ला सुरू झाला. आठ आरोपांपैकी फक्त सहावा टिकला. ऑक्टोबर १९४४ मधल्या ‘एका दिवशी’ ती बुडालेल्या जहाजांविषयी माइकवर बोलली. दहा वर्षं तुरुंगवास, दहा हजार डॉलर दंड, नागरिकत्व गेलं. ज्या दोघांच्या साक्षींवर हे उभं राहिलं, त्यांनी १९७६ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या वार्ताहराला सांगितलं की आमच्याकडून दबावाखाली खोटं वदवून घेतलं. १९ जानेवारी १९७७ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी माफी दिली.

सगळं वाचून झाल्यावर मी साइटच्या शोधपेटीत ‘ऑक्टोबर १९४४, झीरो अवर’ असं टाकून पाहिलं. शून्य निकाल आले, आणि खाली सुचवणी म्हणून तीच कोरड्या खोलीतली फाइल.

संग्रहाला चार तारे, नोंदींना एक. १४ ऑगस्टची फाइल उतरवून ठेवा, हेडफोन लावा, आणि मथळा न वाचता ऐका.