खिशातला गायगर काउंटर, एका भंगारवाल्याचा रिव्ह्यू (आठ महिने वापरून)

पाचपैकी साडेतीन स्टार. कापलेला दीड मशीनचा नाही, बॉक्सवर जे छापलंय त्याचा आहे, ते पुढे येतंच.

गायगर काउंटर म्हणजे रेडिएशन मोजायचं मशीन. आधी सांगतो मी कोण आणि मला हे कशाला लागलं. कळंबोलीला आमचा भंगाराचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. लोकल माल येतो, अधूनमधून पार्टनरशिपमध्ये इम्पोर्टचा कंटेनर पण उचलतो, आणि पुढे माल तळोज्याच्या फर्नेसवाल्यांकडे वितळायला जातो. मागच्या वर्षी एका फर्नेसच्या गेटवर आमची गाडी शिरताना त्यांच्या रेडिएशन मॉनिटरने बोंब मारली. गाडी दोन दिवस बाजूला उभी, ड्रायव्हर माझ्या नावाने खडे फोडतोय, शेवटी निघालं काय तर तळाला जुन्या भट्टीच्या झिरकॉनच्या विटा. त्यात नैसर्गिकच थोडं रेडिएशन असतं म्हणे, डेंजर काही नाही. पण हॉल्टिंग, भाडं, रिकामी करून परत भरायची हमाली, सगळं माझ्या बोकांडी बसलं. त्याच रात्री ऑनलाइन ऑर्डर टाकली, साधारण साडेसहा हजार. ब्रँड लिहित नाही, कारण या रेंजमधले सगळे आतून जवळपास सारखेच, काचेची नळी तीच, फक्त डबा वेगळा.

मोबाइलपेक्षा जरा जाड आहे, यूएसबीने चार्ज होतो, स्क्रीनवर मोठ्या आकड्यात मायक्रोसिव्हर्ट पर अवर, म्हणजे तासाला किती रेडिएशन बसतंय ते दाखवतो. प्रत्येक कणाला टिक्-टिक् आवाज येतो, तो बंद करता येतो आणि करावाच, नाहीतर डोकं उठतं. आमच्या गाळ्यात एरवी ०.१० ते ०.१५ च्या मध्ये खेळत असतो. हे नॉर्मल आहे, जमिनीतून आणि आकाशातून येतंच तेवढं, पहिल्या दिवशी शून्य दिसलं नाही म्हणून घाबरू नका. घरी ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला तर किंचित वर जातो.

खरी मजा आजीच्या ट्रंकेत. पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जुनी मँटलं पडली होती, पाकीट न फोडलेलं. त्यात थोरियम हा रेडिएशन देणारा धातू असतो एवढं कुठेतरी वाचलं होतं म्हणून पाकिटाला मीटर चिकटवला तर मिनिटभरात ०.९! सगळं घर गोळा झालं. म्हणजे मशीन खोटं नाही, खरंच पकडतं. आता ते पाकीट माझं टेस्टिंगचं माप आहे, दर सोमवारी त्याला लावून बघतो, आकडा तेवढाच आला की मीटर ठणठणीत.

दुसरा किस्सा आमच्या अकाउंटंट काकांचा. एक दिवस दुपारी ते आत आले आणि टेबलावरचा मीटर कोकलायलाच लागला, पाचच्या वर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. मग काका म्हणाले, "अरे हो, सकाळी बोन स्कॅन करून आलोय." स्कॅनला देतात त्या इंजेक्शनमधल्या टेक्निशियमचा, म्हणजे रेडिएशनवाल्या औषधाचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, दोन दिवसांनी आले तेव्हा मीटर गप्प. पोरांनी मात्र आठवडाभर काकांना बाहेरच चहा दिला.

आता लिमिट सांगतो, कारण जाहिरातीत ती कोणी सांगत नाही. एक म्हणजे हा हळू आहे. नीट आकडा यायला अर्धा-एक मिनिट एका जागी धरावा लागतो. काट्यावरून गाडी पास होतेय आणि हा सांगेल, विसरा. गेटवरच्या मॉनिटरचे पॅनल माणसाएवढे असतात, त्यांना काही सेकंद पुरतात. २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात सीझियमची (जोरदार रेडिएशन देणारा माल) एक कॅप्सूल ट्रकमधून पडून हरवली होती, ६ बाय ८ मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याचा दाणा, आणि रस्ता १,४०० किलोमीटरचा. सापडली ती ताशी ७० च्या स्पीडने जाणाऱ्या गाडीतल्या डिटेक्टरवर, रस्त्यापासून दोन मीटरवर. माझा मीटर त्या गाडीत असता तर टुर् करून पुढे गेला असता, काही कळलं नसतं.

दोन, हा "किती" सांगतो, "काय" सांगत नाही. विटा आहेत, काका आहेत की कोबाल्टसारखा खरा डेंजर माल आहे, ते ओळखायचं मशीन वेगळं आणि त्याची किंमत लाखात. तीन, आणि हे नीट वाचा, फारच जोरदार सोर्स समोर आला तर स्वस्तातली नळी गुदमरते आणि आकडा उलट कमी दाखवू शकते. म्हणून लांबून चालू करूनच जवळ जायचं, जवळ जाऊन चालू करायचा नाही. आकडा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट झाला की थांबायचं, दहाला गेला तर वळून मागे.

आमच्या धंद्यात हे का लागतं ते मायापुरी ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको. २०१०, दिल्लीचं भंगार मार्केट. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटने १९८५ पासून पडून असलेलं, मुळात कॅनडाहून आणलेलं गामा इरॅडिएटर, म्हणजे प्रयोगासाठी वस्तूंवर किरणं मारायचं मशीन, लिलावात काढलं. आपल्यासारख्याच कोणीतरी शिशाच्या भावाकडे बघून घेतलं, पोरांनी फोडलं, आत कोबाल्ट-६० च्या पेन्सिली. एक गेला, बाकीचे कितीतरी दिवस हॉस्पिटलमध्ये. एकाने तर चकचकीत दिसतो म्हणून तुकडा पाकिटात घालून फिरवला. ब्राझीलला गोयानियात १९८७ मध्ये हेच झालं होतं, बंद पडलेल्या क्लिनिकमधलं मशीन, भंगारवाला, निळा उजेड देणारी पावडर नातेवाइकांत वाटली, चार मेले त्यात सहा वर्षांची पोर, आणि १,१२,००० लोकांना तपासावं लागलं. दोन्हीकडे साडेसहा हजाराचा डबा असता तर पहिल्याच तासाला किंचाळला असता. साडेतीन स्टार याचेच आहेत.

आणि नुसतं आपल्यापुरतं राहत नाही. २००८ ला फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडलं, फॅक्टरीतल्या कामगारांना डोस बसला, आणि माग काढत काढत गेले ते थेट आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. कुणाच्या तरी यार्डात न बघता भट्टीत गेलेला तुकडा, पार तिकडच्या लिफ्टमध्ये. असलं होऊ नये म्हणूनच इम्पोर्ट भंगाराला तिकडचं सर्टिफिकेट लागतं की माल रेडिएशनचा नाही, आणि इकडे पोर्टवर मॉनिटर. सीएचए, म्हणजे कस्टमचा एजंट, पेपर मागतो तेव्हा मी पण आधी शिव्या घालायचो, आता नाही घालत.

आता बॉक्स. वर छापलंय की हे तुमच्या कुटुंबाला न्यूक्लिअर टेररिझमपासून वाचवेल, डर्टी बॉम्ब (साध्या स्फोटाने रेडिएशनचा माल उडवणारा) डिटेक्ट करेल, बाजूला मास्कवाला माणूस आणि मागे मशरूमचा ढग. दीड स्टार इथे कापला.

मी तेव्हापासून यावर बरंच वाचत बसलो, रात्री झोप येत नाही त्याला काय करणार. बॉम्बच्या युरेनियमचं कसंय, युरेनियम-२३५ चा जोर निम्मा व्हायला ७० कोटी वर्षं लागतात, म्हणजे ते किरणं फेकतं अगदी कंजूषपणे, आणि जी फेकतं ती पण लेचीपेची, थोडं शिसं लावलं की आतच राहतात. २०१० मध्ये दोघं जण येरेवानहून तिबिलिसीला ट्रेनने १८ ग्रॅम अतिसमृद्ध, म्हणजे बॉम्बच्या कामाचं, युरेनियम घेऊन आले, कशातून, तर आतून शिसं लावलेल्या सिगारेटच्या पाकिटातून! बॉर्डरचे सेन्सर गप्प. पकडले ते जॉर्जियाच्या पोलिसांनी खोटा गिऱ्हाईक उभा करून. २००६ ला पण तिथेच एक जण ८० ग्रॅमला जरा कमी असा माल घेऊन आला होता, जॅकेटच्या खिशात प्लास्टिकची पिशवी, तो पण बनावट गिऱ्हाइकालाच सापडला. आता सांगा, लाखोंच्या सेन्सरला सिगारेटचं पाकीट चकवतं तिथे आमचा डबा काय बॉम्ब धरणार.

खरं म्हणजे असला माल निघतो तिथेच कुलूपबंद पाहिजे, आणि सुटलाच तर एका देशाच्या पोलिसाने दुसऱ्याला फोन केला पाहिजे. आयएईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, तिच्याकडे चोरी झालेल्या, हरवलेल्या, बेवारस सापडलेल्या मालाचं एक रजिस्टरच आहे, १९९३ पासूनच्या ४,००० च्या वर नोंदी. देश आपापल्या मर्जीने कळवतात, म्हणजे ज्याला लाज वाटली तो गप्प बसू शकतो, हे मला पटत नाही पण नसण्यापेक्षा बरं. करारांचं तर विचारूच नका. अणुसामग्रीच्या संरक्षणाचा जुना करार फक्त देशादेशांतल्या वाहतुकीपुरता बघायचा, देशाच्या आतल्या प्लांट-गोडाऊनचं रक्षण सक्तीचं करायची दुरुस्ती २००५ मध्ये ठरली आणि लागू कधी झाली? मे २०१६. आपण २००७ लाच सही-शिक्का करून मोकळे, पण बाकीच्यांची वाट बघण्यात ठरल्यापासून ११ वर्षं गेली. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट यापेक्षा लवकर झालं. मधल्या काळात ओबामाने २०१० ला वॉशिंग्टनमध्ये याच अणुसुरक्षेवर मोठी परिषद भरवली, मग सोल, हेग, परत वॉशिंग्टन. शेवटच्या वेळी रशिया आलाच नाही आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. आपल्याकडे त्यातून हरियाणात बहादूरगडजवळ ट्रेनिंगचं सेंटर उभं राहिलं, मनमोहनसिंगांनी पहिल्या परिषदेत जाहीर केलेलं.

एक गोष्ट मात्र आमच्यासारख्यांचा विचार करून झाली. २००७ मध्ये रेडिएशनच्या धोक्याचं नवीन चिन्ह आलं, लाल त्रिकोण, वर किरणं, खाली कवटी आणि पळणारा माणूस. जुनं पिवळं तीन पाकळ्यांचं आमच्या पोरांना दाखवलं तर एक म्हणाला पंखा आहे. नवीन दाखवलं, सगळे म्हणाले पळायचं. त्याची प्रिंट काढून गॅस कटरच्या सिलिंडरशेजारी चिकटवलीय. गोची एवढीच की ते चिन्ह मशीनच्या आत, सोर्सजवळ असतं, बाहेरच्या कव्हरवर नाही, म्हणजे दिसलं तेव्हा तुम्ही आधीच फोडायला घेतलेलं असतं.

तर घ्यायचा का? भंगार, फाउंड्री, जुन्या हॉस्पिटल-कॉलेजच्या मशिनरीचे लिलाव, यात असाल तर डोळे झाकून घ्या, एका हॉल्टिंगच्या खर्चात वसूल. घरात नुसता ठेवायला, युट्यूब बघून टेन्शन आलं म्हणून, तर घेऊ नका, महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाईल. आणि घेतलात तर त्याच दिवशी मोबाइलमध्ये पोलीस आणि अणुशक्तीनगरच्या एईआरबीचा (रेडिएशनवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ) नंबर सेव्ह करा, मीटर वाजल्यावर गुगल करत बसायला वेळ नसतो. वस्तूला हात नाही, माणसं लांब, गेट बंद, फोन. मालक असलात तरी शहाणपणा करून ती उचलून कोपऱ्यात ठेवायची नाही.

अपडेट: आठव्या महिन्यात बॅटरी पहिल्यासारखी टिकत नाही, रोज चार्ज लागतो. कव्हरचा क्लिप तुटला, आता रबरबँड लावून काट्याच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलाय. आणि मँटलचं पाकीट बायकोने घरातून बाहेर काढायला लावलं, ते पण तिथेच, बिस्किटाच्या डब्यात, वर मार्करने लिहून: खाऊ नाही.