युद्धकाळातल्या नाण्यांचा सेट: माल खरा, पण चकचकीत नको होता

गेल्या महिन्यात पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात एका स्टॉलवरून घेतला. १९०० सांगत होता, घासाघीस करून १६५० ला पडला, आणि घरी आल्यावर कळलं की घासाघीस त्याने आधीच केलीय, नाण्यांवर. चिंच लावली की काय देवजाणे, पण सगळी अशी लखलखतायत जणू काल टाकसाळीतून आली. जुन्या नाण्यावरचा काळपटपणा काढला की त्याची किंमतच जाते राव, हे नाणीवाल्याला मी सांगायचं?

पण सेटमधला भोकाचा पैसा एकटा पैसे वसूल आहे. १९४३ चा. आधीचा पैसा जवळपास ५ ग्रॅमचा, हा जेमतेम २, कारण तांबं काडतुसांना हवं होतं, म्हणून आकार बारीक केला आणि मधून भोकच पाडलं. राजाचं डोकं गेलं, नुसता मुकुट उरला. आजी सांगायची की पोरांच्या करदोट्यात हे पैसे ओवायचे.

एक आणा पिवळा आहे, निकेल वाचवायला १९४२ पासून निकेल-पितळेचे पाडले ते. बरा आहे, पुढे.

रुपया १९४४ चा. आमच्याकडे आजीचा १९१८ चा आहे, दोन्ही काट्यावर ठेवले तर वजन सेम, ११.६६ ग्रॅम, पण जुन्यात चांदी साडेएक्याण्णव टक्क्यांच्या वर आणि १९४० पासूनच्यात फक्त ५०, बाकी तांबं, निकेल, जस्त. फरशीवर टाकून बघा, आवाजातच फरक कळतो. कडेच्या रेघांमध्ये एक खाच फिरवलीय, नकली नाणी पाडणाऱ्यांना जड जावं म्हणून. सेटमधला वाघाचा १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा, फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं की टचकन चिकटतो. चांदी गायबच, कारण युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली सुमारे २२.६ कोटी औंस चांदी परत करायची होती.

आता तक्रार. पाकिटावर १९४४ च्या रुपयाला 'लाहोर मिंट' लिहिलंय. कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडायला लागले म्हणून १९४३ ला लाहोरला टाकसाळ काढली, तिथल्या नाण्यावर बारीकसा एल असतो. मी भिंग घेऊन अर्धा तास शोधला, नाही. फोन केला तर म्हणतो "साहेब, साफ करताना गेला असेल"!! पैसे परत द्यायला तयार नव्हता, शेवटी अजून एक भोकाचा पैसा कुरियरने पाठवला. तो मात्र न घासलेला, काळाकुट्ट आहे, एकदम मस्त.

५ पैकी ३ स्टार.