बीअरचा एक गॅलनी संच आणि सोलापूरचा मार्च

माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरी करतो. घरी बीअर बनवायला नव्याने लागणाऱ्यांसाठी तिकडे एक गॅलनचा, म्हणजे साधारण साडेचार लिटरचा संच मिळतो. तो स्वतः दोन वर्षे वापरल्यावर यंदाच्या मार्चमध्ये सोलापूरला येताना त्याने तसाच एक नवा संच माझ्यासाठी आणला. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती बीअर करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि असा संच मागवण्याचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घेतली पाहिजे. म्हणून माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, अर्क आणि हॉप्सची, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, पुडी भाच्याने लीड्सलाच काढून ठेवली, आणि आम्ही संचातील उरलेल्या साहित्यावर आल्याचे फसफसणारे पेय केले. बीअरमध्ये यीस्टकडून, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीकडून, साखरेचे मद्यार्क आणि वायू करण्याचे जे काम करून घ्यायचे असते तेच इथेही असते. फरक एवढाच की येथे ते अगदी सुरुवातीलाच थांबवायचे असते.

पेटीत चिंचोळ्या गळ्याची काचेची बरणी, भोकाचे रबरी बूच, त्यात बसणारा पाण्याचा एअरलॉक (आतला वायू बाहेर जाऊ देणारी, पण बाहेरची हवा आत येऊ न देणारी नळी), द्रवाची घनता मोजणारा तरंगता हायड्रोमीटर व त्याची उभी नळी, पेय काढून घेण्याची लवचीक नळी, निर्जंतुकीकरणाची पूड, बरणीवर चिकटवायची तापमानपट्टी, यीस्ट आणि झाकणाला तारेची कडी असलेल्या चार काचेच्या बाटल्या होत्या. बरणी जाड व निर्दोष आहे, आणि बूच इतके घट्ट बसते की एअरलॉकमधून बुडबुडा आला नाही तर हवा कुठून तरी निसटत असेल अशी शंकाही येत नाही. माहितीपुस्तिकेत माल्ट म्हणजे काय हे समजावण्यासाठी दोन पाने खर्च केली आहेत. आपल्याकडे ज्या घरात नाचणीचे सत्त्व करतात तेथे ते एका वाक्यात कळेल: धान्य भिजवून, मोड आणून, वाळवायचे, म्हणजे त्यातील पिष्टाची साखर करणारी द्रव्ये तयार होतात, बीअरसाठी हेच बार्लीचे करतात.

खरी अडचण तापमानाची आहे. पुस्तिका १८ ते २२ अंश सेल्सिअस सांगते आणि 'घरातील उबदार कोपरा' शोधण्याचा सल्ला देते. सोलापुरात मार्चअखेरीस दुपारी स्वयंपाकघरात ३४ अंश होते. तापमानपट्टीचे आकडे ३० वर संपतात, त्यामुळे ती बरणीला चिकटवल्यावर तिच्यावर काहीच उमटले नाही. अशा उष्णतेत यीस्ट थांबत नाही, उलट अतिशय वेगाने काम करते, आणि त्या घाईत पेयाला उग्र, थिनरची आठवण करून देणारा वास येतो. आमची पहिली बरणी याच कारणाने ओतून द्यावी लागली. दुसऱ्या वेळी बरणी पाणी भरलेल्या परातीत उभी केली, तिच्याभोवती येथलाच एक टेरी टॉवेल ओला करून असा गुंडाळला की त्याचे खालचे टोक पाण्यात राहील, आणि पंखा सुरू ठेवला. माठाचे जे तत्त्व तेच हे. आपली हवा कोरडी असल्याने आतील तापमान २६ अंशांवर आले आणि तेथेच राहिले. समुद्रकाठच्या दमट गावात हा उपाय इतका लागू पडणार नाही. सोलापूरला मात्र तो नक्की लागू पडतो.

हायड्रोमीटरने आम्हाला प्रथम गोंधळात टाकले. साध्या पाण्यात त्याने १.००० दाखवायला हवे होते, त्याने ०.९९६ दाखवले, आणि मी तो सदोष ठरवून मोकळी झाले. नंतर काचेवरील बारीक अक्षरे वाचली, तेव्हा तो २० अंशांसाठी आखलेला आहे हे समजले. गच्चीवरच्या टाकीतून आलेले आमचे पाणी ३५ अंशांचे होते, आणि तापलेले पाणी विरळ असल्याने आकडा ०.००४ ने खाली जाणारच. नमुना फ्रीजमध्ये निववून घेतल्यावर माप बरोबर आले. संपूर्ण पेटीत मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू हीच आहे. साखर विरघळली की द्रव पाण्यापेक्षा दाट होतो, आणि यीस्ट ती साखर खाऊन मद्यार्क करू लागले की आकडा उतरतो. म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या मापातील फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काची टक्केवारी निघते; भाच्याची लीड्समधील बीअर १.०४२ वरून १.०१० वर आली, म्हणजे सुमारे ४.२ टक्के झाली. आमच्या पेयात चार लिटर पाण्याला ४०० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम आले आणि चार लिंबे होती, आणि माप १.०३६ आले. ते १.०३४ वर येताच आम्ही पेय बाटल्यांत भरले. पुढे बाटलीत फसफस तयार होतानाही थोडा मद्यार्क बनतोच. तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो, तरीही लहान मुलांना मी हे पेय देत नाही.

बाटल्यांविषयी मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. साखर शिल्लक असलेले पेय काचेच्या बंद बाटलीत सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, कारण दाब वाढून बाटली फुटू शकते, आणि पुस्तिकेत याचा इशारा शेवटच्या पानावर एका ओळीत उरकला आहे. भाचा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आत्या, काचेच्या बाटल्या राहू दे, सोड्याच्या प्लास्टिकच्या घे." त्याचे म्हणणे योग्य होते. प्लास्टिकची बाटली दाबून पाहता येते. ती कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये ठेवायची. आमच्याकडे त्याला सहा तासही लागले नाहीत.

स्वच्छतेची पूड चांगली आहे. धुणे वेगळे आणि निर्जंतुक करणे वेगळे, हा भेद पुस्तिकेने नीट समजावला आहे. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू न देणाऱ्या घरात तो पटवून द्यावा लागत नाही. पाण्याबाबत मात्र एक गोष्ट मी येथे जोडते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे बीअरला औषधासारखा वास येऊ शकतो. आमच्याकडे नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, त्यामुळे पाणी साठवलेलेच असते आणि त्यातील क्लोरीन बरेचसे उडून गेलेले असते. तरीही मी ते उकळून, पूर्ण निववून मगच यीस्ट घालते. कोमट पाण्यात घाई करून यीस्ट टाकण्याचा मोह येथे विशेष टाळावा, कारण येथे 'कोमट' म्हणून सोडलेले पाणी तासाभरानेही ४० अंशांच्या खाली आलेले नसते.

भाच्याने या पेटीसाठी सुमारे चाळीस पौंड मोजले. बरणी, बूच, एअरलॉक आणि हायड्रोमीटर एवढेच सुटे मिळत असतील तर मी तेवढेच घेईन, आणि तापमानपट्टीऐवजी ५० अंशांपर्यंत मोजणारा साधा काचेचा तापमापक घेईन. काचेच्या चारही बाटल्यांत सध्या मी कोकमाचे सरबत भरून ठेवले आहे.